साडूंच्या भिंतीवरचा बिल्ला

अंतराळात जायला माझ्या साडूंइतका तयार असलेला माणूस सगळ्या नंदुरबार जिल्ह्यात नाही. जिल्हा मोठा आहे आणि सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांवर जाऊन मी चौकशी केलेली नाही, म्हणून हे विधान जपूनच करतो; पण तळोदा, शहादा, नवापूर या बाजूंची माझी ओळख बऱ्यापैकी आहे आणि तिथे तरी दुसरा कोणी आढळलेला नाही. आता तयारी म्हणजे काय, तर प्रकृतीची नाही. माझ्या साडूंना बसमध्ये मागची जागा मिळाली तरी मळमळतं, आणि दुकानाच्या माळ्यावर चढताना ते शिडी धरायला कोणाला तरी हाक मारतात. विज्ञानाचीही तयारी नाही. दहावीनंतर त्यांचा आणि त्या विषयाचा संबंध सुटला. त्यांची तयारी आहे ती बिल्ल्याची. उद्या कोणी येऊन म्हणालं, की चला, यान उभं आहे, तर साडू एकच प्रश्न विचारतील: बरोबर कोण कोण आहे, नावं सांगा.

अंतराळवीरांच्या अंगावर छातीपाशी किंवा दंडावर एक गोल भरतकामाचा बिल्ला असतो. प्रत्येक मोहिमेचा वेगळा. त्यात यान, ग्रह, तारे वगैरे असतात आणि कडेने जाणाऱ्यांची आडनावं. आपण तो फोटोत बघतो आणि विसरतो. माझे साडू तो विसरू शकले नाहीत. त्यांचं नंदुरबारला भरतकामाचं दुकान आहे, म्हणजे शाळांच्या गणवेशाच्या खिशावर जो शिक्का असतो तो ते कॉम्प्युटरच्या मशीनवर काढून देतात. गिऱ्हाईक त्याला मोनोग्राम म्हणतं. बऱ्याच वर्षांपूर्वी ते सुरतेला धागा आणायला गेले असताना तिथल्या एका कारखान्याच्या नाकारलेल्या मालाच्या ढिगात त्यांना एक बिल्ला सापडला. मधे रॉकेट, कडेने सात इंग्रजी नावं. त्यांना तो परदेशातल्या कुठल्या तरी शाळेचा मोनोग्राम वाटला. परतीच्या गाडीत ते एकाच विचारात होते, की ज्या शाळेत सातच विद्यार्थी आहेत आणि त्या सातांचीही नावं मोनोग्रामवर घालावी लागतात, ती शाळा अजून बंद कशी पडली नाही. खरा प्रकार कळला तेव्हा ते दोन दिवस फारसं बोलले नाहीत, असं त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सांगते. तिला आम्ही ताई म्हणतो.

तेव्हापासून साडू बिल्ले जमवतात. काही त्यांनी विकत घेतले, काही परदेशातल्या हौशी लोकांशी अदलाबदल करून मिळवले, आणि जे मिळणं शक्य नाही ते फोटोवरून स्वतः काढले. स्वतः काढलेल्याच्या पाठीमागे ते ‘नक्कल’ असा शब्द लाल धाग्याने घालतात, म्हणजे उद्या आपल्यामागे कोणाची फसवणूक व्हायला नको. सगळे मिळून किती आहेत ते मी मोजलेलं नाही, म्हणून आकडा देत नाही. लोखंडी पेटी भरून दुसरी सुरू झाली आहे एवढं पाहिलं आहे. प्रत्येकाची कथा त्यांना पाठ आहे. या बिल्ल्यावर इतकेच तारे का, तर जाणाऱ्यांना मुलं तितकीच होती. या बिल्ल्याला खाली वेगळी पट्टी का जोडली आहे, तर एक माणूस मागून आला आणि वरच्या गोलात जागा उरली नव्हती. चंद्रावर माणूस पहिल्यांदा उतरला त्या मोहिमेच्या बिल्ल्यावर मात्र एकाचंही नाव नाही, हे सांगताना ते आवाज खाली आणतात. का नाही, तर तिथे पोचायला हजारो लोकांचे हात लागले होते, तिघांनीच नाव कसं लावायचं, असं त्या तिघांनाच वाटलं. मी हे त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता मीही आवाज खाली आणतो.

हे सगळं जमवण्यापर्यंत राहिलं असतं तर कोणाला काही त्रास नव्हता. पण साडूंच्या मनाने असं घेतलं, की बिल्ल्याशिवाय केलेला प्रवास हा प्रवासच नव्हे, ते नुसतं जाणं-येणं. त्यामुळे आमच्या दोन्ही घरांतून कोणी गावाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं, की त्याचा बिल्ला निघतो. चित्र काढायचं काम त्यांच्या एकुलत्या मुलीचं, कल्याणीचं. ती शाळेत असल्यापासून मशीनशेजारच्या स्टुलावर बसून कागदावर गोल आखायची आणि साडू त्यावरून टाके बसवायचे. ताईंनी साडूंना भाजीला पिटाळलं, की पिशवी हातात देतानाच त्या सांगून ठेवतात, “बिल्ला नको शे, मेथी लई या.”

या बिल्ल्यांचे साडूंचे नियम आहेत आणि ते घटनेसारखे आहेत, फक्त दुरुस्ती होत नाही. गाडी जो चालवेल त्याचं नाव सगळ्यात वर, मग तो भाड्याचा ड्रायव्हर का असेना. सगळ्यात लहान माणसाचं नाव सगळ्यात खाली. त्यामुळे कल्याणीचं नाव जन्मापासून तळाशीच; माझी मुलगी झाल्यावर फार तर एक पायरी वर. आणि मुख्य नियम, ज्यापुढे कोणाचं काही चालत नाही: जो प्रत्यक्ष जातो त्याचंच नाव. हा नियम मी अंगावर सोसला आहे. आम्ही सगळे तोरणमाळला निघालो होतो. बिल्ल्यावर तलाव, त्यात कमळं, मागे डोंगर आणि कडेने नऊ नावं, असा मोठा देखणा प्रकार होता. निघायच्या सकाळी मला ताप भरला. मी घरी राहायचं ठरलं, जीप दारात उभी राहिली, सगळे बसले, आणि साडू ब्लेड घेऊन ओट्यावर बसले. नऊच्या नऊ बिल्ल्यांवरून त्यांनी मागच्या बाजूने माझं नाव उसवलं. मी आतून कण्हत सांगितलं, की राहू द्या, आजारी माणसाचं नाव असलं म्हणून बिघडत नाही. ते म्हणाले, “साडूभाऊ, तुम्ही जाई नही ऱ्हायनात. खोटं कसं लिहू?” जीपमधल्या मंडळींचा पहिला चहा पचून दुसऱ्याची वेळ झाली तेव्हा ते उठले. आजही तोरणमाळच्या बिल्ल्यांवर माझ्या नावाच्या जागी पडलेल्या दातासारखी फट आहे. आठवड्याने मला एक वेगळा बिल्ला मिळाला. त्यावर गोधडी आणि थर्मामीटर होतं, खाली ‘राखीव दल’, आणि कडेने एकट्याचंच असल्यामुळे माझं नाव थेट वर.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या बोर्डाची. दुकानात मशीनच्या वर साडूंनी एक बोर्ड ठोकला आहे. प्रवासाला माणसं निघाली, की त्या प्रवासाचा एक बिल्ला बोर्डावर लागतो. माणसं सुखरूप घरी आली, की तो खाली उतरतो आणि पेटीत जातो. तोपर्यंत ती माणसं साडूंच्या भाषेत ‘वर’ असतात. मग ती सुरतेला असोत नाहीतर कोरीटला शेतावर. मी मिरचीच्या व्यापाऱ्याकडे वजनकाट्याचं काम पाहतो. एकदा नमुने घेऊन सुरतेला गेलो होतो आणि परत आल्यावर पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, माल पसरायची घाई असल्याने साडूंना सांगायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः पथारीवर आले, मला लाल मिरचीच्या मधोमध उभा पाहिला, ठसक्याने पाणावलेले डोळे पुसले आणि एवढंच म्हणाले, “उतरनात का? सांगाले जोयजे ना भो.” मध्यंतरी आपल्या देशाचा माणूस अंतराळ स्थानकात राहून आला, तेव्हा त्याच्या मोहिमेच्या बिल्ल्याची नक्कलही बोर्डावर होती. तो परतला त्या दिवशी मी काट्यावर असताना साडूंचा फोन आला. पलीकडून दोनच शब्द आले, “उतरना. काढा.” म्हणजे तो उतरला आणि यांनी बिल्ला काढला. मग फोन बंद.

मणिबेलीचा बिल्ला मात्र मला त्यांच्या सगळ्या कामात उजवा वाटतो. एका संस्थेच्या मुलांच्या गणवेशाचे मोनोग्राम पोचवायला साडू तिकडे नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यातून बोटीने गेले होते, बरोबर कल्याणी आणि मी. बोटीचा बिल्ला अर्थातच तयार होता आणि नियमाप्रमाणे वरती नावाड्याचं नाव होतं, फोनवर विचारून घेतलेलं. नावाडी तिथलाच, वयस्कर भिल्ल गृहस्थ. त्याने बिल्ला हातात घेऊन बराच वेळ पाहिला. हे निळं काय आहे, असं त्याने तोडक्या मराठीत विचारलं. साडू म्हणाले, पाणी. तो म्हणाला, “खाली आमचं घर आहे. ते नाही काढलं.” एवढं बोलून त्याने इंजिन सुरू केलं, त्यात तक्रारीचा सूर नव्हता. साडूंना परतीच्या वाटेवर मळमळलंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्या बिल्ल्यात पाण्याच्या निळ्यावर त्याच निळ्या धाग्याने काही घरं घातली. समोरून पाहिलं तर दिसत नाहीत. उजेडाकडे तिरका धरला तर उठून येतात, आणि बोट फिरवलं तर लागतात. तो बिल्ला नावाड्याला पोचता झाला. तेव्हापासून निळ्यात निळं काढण्याची ही युक्ती साडूंच्या हातात राहिली.

आता कल्याणीच्या लग्नाकडे येतो, कारण तिथे बिल्ल्यापायी सगळं मोडता मोडता राहिलं.

मुलगा खापर गावचा. तिथे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. साधा, कमी बोलणारा. कल्याणीने आणि त्याने एकमेकांना बघून, बोलून, मनाने होकार दिलेला होता, आणि कल्याणी एकदा ठरवलं की त्याविषयी फार बोलत नाही हे आम्हाला ठाऊक होतं. मुलाची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं त्याच्या फुईने, म्हणजे वडिलांच्या बहिणीने. त्या घरात फुईच्या शब्दाबाहेर कोणी नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, पण शब्द स्वच्छ होता.

साडूंनी लग्नाचा बिल्ला काढायला घेतला तेव्हा कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य बस्त्याच्या दिवशी वाटलं. आमच्याकडे लग्नाचा बस्ता म्हणजे दोन्हीकडची मंडळी एकत्र बसून कापड घेतात; ज्याचा त्याचा मान तिथे ठरतो आणि पुष्कळदा तिथेच बिघडतो. कापड दुकानाच्या गादीवर साड्यांचा ढीग पडलेला, दुकानदार नव्या साड्या उलगडतो आहे, अशा वेळी साडूंनी खिशातून बिल्ले काढले आणि मुलाकडच्या मंडळींच्या हातावर एकेक ठेवला. अलीकडे तापी, पलीकडे डोंगर, वरती, म्हणजे सगळ्यात वरती, कल्याणीचं नाव. खाली तिची पाठराखीण म्हणून जाणाऱ्या माझ्या मुलीचं. बस्स. फुईने बिल्ला डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मग भावाच्या हातात देऊन वाचून घेतला.

“आठे मन्हा भाचान्हं नाव कोठे शे?” त्यांनी विचारलं.

त्या क्षणी कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, की टाके घालताना राहून गेलं, आजच घालतो. साडूंनी शांतपणे समजावून सांगितलं. “तो कोठे जाई ऱ्हायना, फुई? तो ते घरच जाई ऱ्हायना. जाई ऱ्हायनी ती मन्ही पोर.” आणि कोणाला शंका राहू नये म्हणून त्यांनी पुढे अंतराळ स्थानकाचं उदाहरण दिलं: जो आधीपासून वर राहतो आहे त्याचं नाव नव्याने वर जाणाऱ्यांच्या बिल्ल्यावर येत नाही, त्याचा बिल्ला आधीच झालेला असतो. गाडीचा ड्रायव्हरही खापरचाच, घरी परतणारा, म्हणून तोही नाही. दुकानदाराने हातातली साडी घडी घालायला घेतली. त्याला अनुभव असावा.

फुई म्हणाल्या, “बराबर शे. मंग नवरदेव बी दुसराच देखी ल्या. जो कोठे तरी जास असा.”

त्या उठल्या. मंडळी उठली. चहा आलेला तसाच राहिला. नवरदेव दारात एकदा वळून कल्याणीकडे पाहत थांबला, मग तोही गेला. ज्यांनी वाढवलं त्यांच्यामागे जाणं त्याला भागच होतं. मी साडूंना विचारलं, की आई नसलेल्या पोराचं नाव त्याच्याच लग्नात गाळलंत, त्या बाईला काय वाटलं असेल. त्यांचा चेहरा पडला. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. नियम पाळताना ते माणसांकडे बघायचे विसरत, असं नाही. बिल्ल्यावर ज्याचं नाव नाही त्याला वाईट वाटतं ही गोष्टच त्यांना ठाऊक नव्हती, कारण त्यांचं स्वतःचं नाव कितीतरी बिल्ल्यांवर नसे आणि त्यांना काही वाटत नसे.

दोन दिवसांनी खापरहून निरोप आला, की तारखेचं नंतर कळवू. आमच्याकडे ‘नंतर कळवू’ म्हणजे काय ते सगळ्यांना समजतं. ताई स्वयंपाक करीत आणि ताट साडूंपुढे न बोलता ठेवीत. मी साडूंना म्हटलं, की एक नाव घाला आणि मोकळे व्हा. ते म्हणाले, “घालतो. पण ते खरं होणार नाही.” दुकानात नवा गोल मशीनवर चढवून ते नुसते बसून होते. कल्याणीचं नाव तळापासून वर यायला इतकी वर्षं लागली होती. हा एकच प्रवास असा होता, की ज्यात सगळ्यात पुढे ती होती, आणि साडूंनी कोणाला बोलून दाखवलं नसलं तरी या एका बिल्ल्याची ते ती शाळेत असल्यापासून वाट पाहत होते. हे मला त्या दिवशी समजलं, आणि मग मला त्यांना आणखी काही सांगवेना.

मार्ग कल्याणीने काढला. ती येऊन आपल्या जुन्या स्टुलावर बसली. मी समोर होतो म्हणून जसं झालं तसं सांगतो.

“पप्पा,” ती म्हणाली, “चांदवर पहिले जे गयात, त्यासना बिल्लावर नावं काबरं नही शेतस?”

साडूंनी वर न पाहता नेहमीचं उत्तर दिलं. “तठे पोचाले हजारो लोकेसना हात लागेल व्हता.”

“मंग मन्हा लगीनले काय कमी लोके लागी ऱ्हायनात?”

साडूंनी आता वर पाहिलं. मग म्हणाले, “पन मंग तुन्हं बी नाव येणार नही.”

“माले माहीत शे,” ती म्हणाली, आणि हात पुढे करून तिने पेन्सिल मागितली.

नवा बिल्ला असा होता: मधून तापी, एका काठाला लाल पसरलेली मिरची, दुसऱ्या काठाला हिरवे डोंगर, नदीवर पूल, आणि पुलावर कोणीही नाही. कडेचा गोफ पिवळा. नाव एकाचंही नाही. मशीन चालू असताना साडूंनी मधेच फ्रेम थांबवून धाग्याची रिळं दोनदा बदलली. दोन्ही निळीच होती. मला ते विनाकारण वाटलं, पण दुसऱ्याच्या धंद्यात मी बोलत नाही.

बिल्ले घेऊन साडू आणि मी खापरला गेलो. बस तळोद्यापर्यंत ठीक चालली, पुढे साडू खिडकीला डोकं लावून डोळे मिटून बसले. फुई ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं, पाणी दिलं; वैर असलं तरी पाणी देण्याची रीत आमच्याकडे सुटत नाही. साडूंनी बिल्ला पुढे केला आणि म्हणाले, की याच्यावर कोणाचंच नाव नाही, हे लग्न सगळ्यांचं आहे. मुलाच्या वडिलांनी बघितला आणि मान डोलावली. फुईंनी तो हातात घेतला. डोळ्यांना फारसं दिसत नसल्याने त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, तूर निवडणाऱ्या बोटांनी जसं चाचपावं तसा. मिरचीवरून, पुलावरून. नदीवर आल्यावर अंगठा थांबला.

“आठे हाताले काही लागी ऱ्हायनं,” त्या म्हणाल्या. “काय शे?”

मी साडूंकडे पाहिलं. लाटा आहेत म्हणून सांगितलं असतं तर विषय संपला असता. वजनकाट्यावर बसणारा माणूस असूनही मी त्या वेळी मनातून खोट्याच्या बाजूने होतो.

“नाव शे,” साडू म्हणाले.

“कोन्हं?”

“मन्ही पोरनं. देखाले येस नही. पन शे.”

फुईंचा अंगठा नदीवरून अलीकडून पलीकडे गेला, पुन्हा आला. नाव किती लांब आहे ते त्या बघत असाव्यात. मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला, फुईंनी दुसऱ्या हाताने त्यांना गप्प केलं.

“मंग मन्हा भाचा काय काठवर उभा ऱ्हाई?”

“तो ज्या दिन निंघी त्या दिन त्यान्हं काढसू, फुई,” साडू म्हणाले. “वरच काढसू. पन निंघाले जोयजे.”

फुईंनी सुपातली तूर एकदा हलवली. “आखाजीले तुम्हनी पोरले माहेर कोन लई यी?” अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात.

“जावईच लई यी.”

“मंग तव्हय काढा. आनि हाई असं पाणीमां दपाडू नका. मोठं काढा. माले दिखाले जोयजे.”

त्यांनी बिल्ला पदराच्या टोकाला बांधला आणि आत बघून चहा ठेवायला सांगितलं. साडूंनी तो बशीत ओतून प्यायला.

लग्न ठरल्या तारखेला लागलं. दोन्हीकडची मंडळी छातीवर बिल्ले लावून हिंडत होती, आणि वाढप्यांनाही साडूंनी ते लावायला लावले होते, कारण हात त्यांचाही लागत होता. पाठवणीच्या वेळी ताई रडल्या, माझी बायको रडली. साडू गाडीच्या खिडकीपाशी गेले, कल्याणीच्या खांद्यावरचा वाकडा झालेला बिल्ला सरळ केला, आणि सरळ दुकानात जाऊन एक बोर्डावर लावून आले.

आखाजीला जावई मोटरसायकलवरून तिला घेऊन आले. त्या प्रवासाचा बिल्ला आधीच तयार होता: कडुनिंबाला झोका, आणि वरती जावयांचं नाव, इतकं मोठं, की त्याखाली कल्याणीचं जेमतेम मावलं. ती पुन्हा खाली गेली, पण कोणाचीच तक्रार नव्हती. गाडी तेच चालवत होते. एक बिल्ला खास फुईंसाठी गेला. ती दोघं पोचली त्याच दिवशी साडूंनी बोर्डावरचा उतरवून पेटीत ठेवला. नियमच तसा आहे.

लग्नाचा बिल्ला मात्र अजून बोर्डावर आहे. त्यानंतर एक आखाजी झाली, आणखी एक झाली. कल्याणी चांगली आहे. फोनवर हसते, तिकडच्या मुलांना चित्रं शिकवते, फुई तिला बाजारात बरोबर नेतात. काळजीचं काही नाही. शाळेचे मोनोग्राम न्यायला येणारी माणसं कधी विचारतात, की हा जुना झालेला बिल्ला काढून का टाकत नाही. साडू मशीनवरून मान न उचलता सांगतात, “ती अजून वर शे.”

दुकानाच्या दारातून दुपारचं ऊन थेट त्या बोर्डावर येतं. निळ्या धाग्यात रेयॉनचा धागा उन्हाने विटतो आणि पॉलिस्टरचा विटत नाही, हे मला अलीकडे कळलं. त्या बिल्ल्यातली नदी आता फिकट पडली आहे, आणि तिच्यावरचं नाव जसंच्या तसं निळं राहिल्यामुळे हळूहळू वर येऊ लागलं आहे. पहिली दोन अक्षरं दारातूनसुद्धा वाचता येतात. माझा बिल्ला मी काट्याजवळच्या खिडकीत टांगला आहे, त्यावरही तसंच होतं आहे. हे चुकून झालं असं मला वाटत नाही. रिळं बदलताना मी समोर होतो. साडूंना मी याबद्दल काही विचारलेलं नाही. मध्यंतरी दुकानात गेलो तेव्हा ते ओल्या फडक्याने बोर्डावरची धूळ पुसत होते, आणि बाकी सगळं पुसून झाल्यावर तो एक गोल त्यांनी नुसत्या अंगठ्याने पुसला.